दुसऱ्या प्रतीचे मोल : सीआयएच विषाणू आणि मुके झालेले मदरबोर्ड

१/ २६ एप्रिल १९९९, सोमवार. आशियातील असंख्य कचेऱ्यांत आणि घरांत त्या दिवशी चालू केलेले संगणक अचानक थिजले. बंद करून पुन्हा चालू केले, तर काहींत पंखा फिरे, दिवा लागे, पडदा मात्र काळाच राही. ना बीप, ना अक्षर. कारण डिस्कपेक्षाही खोलवर होते. मदरबोर्डवरील बायोसच नष्ट झाला होता.

२/ बायोस म्हणजे संगणकाला वीज मिळताच चालणारा पहिला प्रोग्राम. मेमरी, कीबोर्ड, डिस्क यांची ओळख तोच करून देतो आणि मग विंडोजसारख्या प्रणालीला पाचारण करतो. हे नाव गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम प्रणालीतून, १९७० च्या दशकात आले. ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीमध्ये बायोस रॉम चिपवर कायमचा कोरलेला असे. चूक सुधारायची तर चिपच बदलावी लागे. ही गैरसोय होती. पण हेच संरक्षणही होते.

३/ तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली. विजेने पुसता येणारी व पुन्हा लिहिता येणारी ही चिप १९९० च्या दशकात मदरबोर्डवर रुळली. नवा प्रोसेसर ओळखायचा असो वा ८.४ जीबीहून मोठी हार्ड डिस्क, आता एका फ्लॉपीवरून बायोस अद्ययावत करता येऊ लागला.

४/ धोका याच सोयीत दडलेला होता. अद्ययावत करताना जुना मजकूर आधी पुसला जातो, मग नवा लिहिला जातो. मधल्या काही क्षणांत वीज गेली, तर चिप अर्धवट राहते. योग्य फाइल फ्लॉपीवर तयार असते. पण ती वाचण्याचे ज्ञान त्याच पुसलेल्या चिपमध्ये असते. किल्ली आत ठेवून पेटीला कुलूप लावावे, तशी ही गत.

५/ वीज जाणे हा अपघात. तोच घात कोणी हेतुपुरस्सर करू शकेल, हे सीआयएचने दाखवले. तैपेईतील तातुंग संस्थेचा विद्यार्थी चेन इंग-हाऊ याने १९९८ मध्ये हा विषाणू लिहिला. आकार जेमतेम १ केबी. प्रोग्रामच्या फाइलमधील रिकाम्या जागांत तो तुकड्यांनी दडून बसे, त्यामुळे फाइलचा आकार वाढत नसे. चेर्नोबिल दुर्घटनेची तारीखही २६ एप्रिल. म्हणून लोकांनी त्याला 'चेर्नोबिल' म्हटले.

६/ ठरलेल्या दिवशी तो दोन घाव घाली. पहिला : हार्ड डिस्कच्या सुरुवातीच्या १ एमबीवर शून्ये लिहिणे. दुसरा : बायोसच्या चिपवर निरर्थक मजकूर लिहिणे. इंटेल ४३० टीएक्स चिपसेटचे बोर्ड या दुसऱ्या घावाला विशेष बळी पडले. विंडोज ९५ व ९८ मध्ये प्रोग्रामला हार्डवेअरपर्यंत थेट पोहोचता येई. विंडोज एनटी त्यातून वाचली. दक्षिण कोरिया व तुर्कस्तानला मोठा फटका बसला.

७/ मग सुरू झाली दुरुस्ती. काही चिपमध्ये 'बूट ब्लॉक' हा छोटा भाग अद्ययावत करताना अस्पर्श ठेवलेला असे. तो शाबूत असेल, तर आशा होती. अवॉर्ड बायोसचा बूट ब्लॉक फ्लॉपी ड्राइव्ह आणि जुने आयएसए डिस्प्ले कार्ड एवढेच ओळखी. म्हणून अडगळीत टाकलेली कार्डे शोधावी लागत. एएमआय बायोसमध्ये कंट्रोल व होम या कळा दाबून धरल्या, की फ्लॉपीवरील ठरावीक नावाची फाइल वाचली जाई.

८/ बूट ब्लॉकही गेला असेल, तर उपाय धाडसाचा होता. त्याच जातीचा धडधाकट संगणक डॉसमध्ये चालू करायचा. बायोस एव्हाना मेमरीत उतरलेला असे. म्हणून वीज चालू असतानाच त्याची चिप सॉकेटमधून अलगद उपटायची, मृत चिप तिथे बसवायची आणि तीवर नवा बायोस लिहायचा. हात चुकला, तर दोन्ही बोर्ड जात. चिप बोर्डला डाख देऊन जोडलेली असेल, तर हा मार्गही बंद. अनेकदा अख्खा बोर्डच बदलावा लागे.

९/ डिस्कच्या बाबतीत मात्र एक दिलासा होता. फाइल कुठे आहेत याची नोंदवही, म्हणजे फॅट, डिस्कवर दोन प्रतींत असते. मोठ्या फॅट-३२ डिस्कवर दुसरी प्रत त्या पहिल्या १ एमबीच्या पलीकडे सुखरूप राहिली. तिच्या आधारे अनेकांचा मजकूर परत मिळाला.

१०/ मदरबोर्डनेही पुढे हीच वाट धरली. त्याच सुमारास गिगाबाइटने एकाच बोर्डवर दोन बायोस चिप देण्यास आरंभ केला. पहिली निकामी झाली, की दुसरी धावून येई. पुढे प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस लिहिणारी सोय आली. आज दुरुस्ती करणारे कारागीर आठ पायांच्या चिपला चिमटा लावून स्वस्त प्रोग्रामरने तेच काम करतात.

११/ तैवानमध्ये त्या वेळी कोणी तक्रार न केल्याने चेनवर खटला उभा राहिला नाही. ज्यांचे बोर्ड गेले, त्यांना भरपाई मिळाली नाही. धडा मात्र मिळाला. जे पुन्हा लिहिता येते, ते पुसताही येते. म्हणून एक प्रत अशी असावी, जिथे पुसणाऱ्याचा हात पोहोचणार नाही.