गोल कुणी मोजले?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. विषय जरा लांबचा आहे, बर्फावरच्या हॉकीचा. पण सुरुवात सुरगाण्यातून आहे, तेव्हा धीर धरा.

२०२५ च्या एप्रिलात बहिणीकडे गेलो होतो. एप्रिलातलं सुरगाणं ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. पावसाळ्यात चारी बाजूंनी पाणी कोसळतं आणि होळी उलटली की हंडे घेऊन चालणं सुरू. दुपारी ओट्यावर पडलो होतो. भाची मोबाइल घेऊन आली. "मामा, हे बघ ना. एक माणूस गोल मारतो आणि बर्फावर पोटावर घसरत जातो. मग सगळा खेळच थांबवतात. एका गोलसाठी?"

ते चित्र न्यूयॉर्कचं होतं. ६ एप्रिल २०२५. अलेक्झांडर ओव्हेच्किन या रशियन खेळाडूने अमेरिका-कॅनडातल्या एनएचएल या व्यावसायिक लीगमधला आपला ८९५ वा गोल केला होता. आधीचा विक्रम ८९४ चा, वेन ग्रेट्झ्कीचा. तो स्वतः तिथे हजर होता. खेळ थांबवून मैदानातच सत्कार झाला.

भाचीचा दुसरा प्रश्न: "मामा, एवढे गोल मोजतं कोण?"

पोरीने सहज विचारलं, पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कारण आपल्याकडच्या एका फार मोठ्या हॉकीपटूचे गोल कुणी मोजलेच नाहीत.

धनराज पिल्ले. जन्म १६ जुलै १९६८, पुण्याजवळ खडकीत. तमिळ कुटुंब, वडील दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मैदान राखण्याचं काम करायचे. मुलाचं नाव धनराज ठेवलं, पण घरात धन नव्हतं. भावंडं मोडक्या काठ्या आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन मातीत खेळायची. खडकीत हॉकी होती कारण तिथे लष्कराची छावणी होती, कारखाना होता. हा खेळ इंग्रजांच्या पलटणींबरोबर आला आणि जिथे छावण्या, रेल्वे, मिशनच्या शाळा होत्या तिथे रुजला. आमचं सुरगाणं १९४८ पर्यंत छोटं संस्थान. ना छावणी, ना रेल्वे. म्हणून आमच्याकडे विटी-दांडू राहिला आणि हॉकी पेपरात वाचली.

ऐंशीच्या दशकात धनराज मुंबईला थोरल्या भावाकडे, रमेशकडे आला. रमेश तेव्हा आरसीएफकडून खेळत होता. पुढे धनराजला महिंद्राच्या संघात जागा मिळाली, जोकिम कार्व्हालोसारख्या जुन्या ऑलिंपिकपटूचं मार्गदर्शन मिळालं. डिसेंबर १९८९ मध्ये तो भारताकडून पहिल्यांदा खेळला आणि ऑगस्ट २००४ मध्ये शेवटचं. मधल्या पंधरा वर्षांत ३३९ आंतरराष्ट्रीय सामने. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी, चार आशियाई स्पर्धा.

आणि गोल? कुणी म्हणतं १७०, कुणी त्याहून जास्त. अधिकृत आकडाच नाही. तेव्हाच्या भारतीय हॉकी महासंघाने गोलांची नोंद ठेवली नव्हती.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आई आठवली.

आमच्या लहानपणी दिवाळी झाली की सुरगाण्यातली निम्मी घरं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांत कामाला जायची. आमचंही जायचं. मजुरी शेवटी एकदम मिळायची आणि हजेरी मुकादमाच्या डायरीत. आईला लिहिता येत नव्हतं. ती झोपडीच्या कुडावर कोळशाने रोज एक रेघ मारायची. एका वर्षी मुकादमाच्या डायरीत एकाहत्तर दिवस निघाले आणि कुडावर अठ्ठ्याहत्तर रेघा. आईने त्याला हाताला धरून कुडापाशी आणलं. सगळे हसले. शेवटी चार दिवसांचे पैसे मिळाले, तीन बुडाले. त्या तीन दिवसांबद्दल आई म्हातारपणीही बोलायची. पैसे किती होते ते विसरली होती, पण "माझे तीन दिवस" हे कधी विसरली नाही.

असो. हॉकीकडे येऊ.

१९९८ हे साल दोन्ही हॉकींसाठी मोठं. त्या फेब्रुवारीत जपानमधल्या नागानोला हिवाळी ऑलिंपिक झालं. व्यावसायिक खेळाडूंना जाता यावं म्हणून एनएचएलने आपला हंगाम पहिल्यांदाच मध्येच थांबवला. ग्रेट्झ्की कॅनडाकडून गेला. उपांत्य सामना चेक संघाविरुद्ध पेनल्टी शॉट्सवर गेला, पण त्या पाच जणांत त्याला निवडलंच नाही. कॅनडा चौथा. पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला. खेळाडू म्हणून त्याच्या नावावर ऑलिंपिक पदक एकही नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात बँकॉकला आशियाई स्पर्धा झाल्या. कप्तान धनराज, आणि स्पर्धेत सर्वांत जास्त गोलही त्याचेच. अंतिम सामन्यात स्ट्रोक्सवर कोरियाला हरवून भारताने सुवर्ण जिंकलं. आधीचं सुवर्ण १९६६ चं, तेही बँकॉकलाच. मध्ये बत्तीस वर्षं गेली होती.

परत आल्यावर काय झालं? पुढच्या संघातून धनराजसह सात ज्येष्ठ खेळाडू बाहेर. अधिकृत कारण दिलं गेलं की त्यांना विश्रांती दिली आहे. पण खेळाडूंनी सामन्याचे पैसे आणि रोजचा भत्ता याबद्दल तोंड उघडलं होतं, त्याची ही शिक्षा, असंच बहुतेकांनी मानलं. बत्तीस वर्षांनी सोनं आणणाऱ्या संघाने भत्ता मागायचा नाही!

मग हा माणूस जगायचा कशावर? आपल्याकडे हॉकीपटूला खेळासाठी पगार नसे, नोकरीसाठी असे. रेल्वे, पोलीस, एअरलाइन्स आपापले संघ ठेवायच्या. धनराज इंडियन एअरलाइन्समध्ये होता. खेळाचे म्हणून पैसे मिळायचे ते परदेशी क्लबांकडून. लंडनचं इंडियन जिमखाना, फ्रान्समधलं लिऑन, जर्मनीतलं स्टुटगार्ट, मलेशियातले दोन क्लब, ढाक्याचं अबाहनी. द्राक्षाच्या हंगामाला बाहेर पडणाऱ्या आमच्या माणसांसारखाच तोही हंगामाला बाहेर जायचा.

सिडनीचा पोलंडविरुद्धचा सामना मी नाशिकला होस्टेलच्या टीव्हीवर पाहिलाय. सप्टेंबर २०००. जिंकलो की उपांत्य फेरी. एक गोलने पुढे होतो आणि जवळजवळ दोन मिनिटं उरली असताना त्यांनी बरोबरी केली. संपलं. धनराज रडत होता आणि आमच्या खोलीत कुणी टीव्ही बंद करायलाही उठेना. अथेन्समधल्या शेवटच्या सामन्यात तर त्याच्या वाट्याला मैदान अगदी थोडा वेळ आलं. ऑलिंपिक पदक त्यालाही नाहीच. अर्जुन, खेलरत्न, पद्मश्री हे सगळं मिळालं. गोलांचा आकडा तेवढा मिळाला नाही.

आता तुम्ही म्हणाल, तिकडचं सगळं सोन्याचं आणि आपलं मातीचं. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण बर्फावरच्या हॉकीचा जुना इतिहास वाचल्यावर जरा थबकलो.

एनएचएल १९१७ साली सुरू झाली. खेळाडू तेव्हापासून व्यावसायिक, पण व्यावसायिक म्हणजे मालकाचा. पुढे पेन्शनचा निधी सुरू झाला. खेळाडूंच्या पगारातून पैसे कापले जायचे. डेट्रॉइट संघाचा टेड लिंडसे हा त्या काळातला मोठा खेळाडू. त्याने विचारलं, या निधीचा हिशेब दाखवा. दाखवला नाही. १९५७ मध्ये त्याने इतरांना जमवून खेळाडूंची संघटना काढली. त्याच वर्षी त्याला उचलून शिकागोच्या तळाच्या संघात पाठवण्यात आलं आणि संघटना मोडली. खरी टिकाऊ संघटना उभी राहायला १९६७ उजाडलं. पेन्शनच्या शिल्लक पैशांसाठी तर जुन्या खेळाडूंना कोर्टात जावं लागलं. १९९२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. तोवर किती तरी जण म्हातारे झाले होते.

म्हणजे मालक तिकडेही गोल चोख मोजायचे, कारण गोलांवर तिकिटं खपायची. पैशांची वही मात्र तिकडेही भांडूनच उघडावी लागली. लिंडसेला शिकागो मिळालं, धनराजला 'विश्रांती'. वही दाखवा म्हणणाऱ्याचं दोन्हीकडे सारखंच झालं. फरक एवढाच की तिकडे लिंडसेनंतर दहा वर्षांनी दुसरे उभे राहिले.

आपल्याकडे काहीच बदललं नाही असं नाही. २००५ मध्ये प्रीमियर हॉकी लीग आली, धनराज मराठा वॉरियर्सकडून खेळला. ती लीग २००८ ला बंद पडली. त्याच वर्षी जुना महासंघही निलंबित झाला. २०१३ ते २०१७ हॉकी इंडिया लीग चालली, मग थांबली, २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये बायकांचीही पहिली लीग झाली. पाच वर्षं चालते, सात वर्षं थांबते. एखाद्या पोरीने त्यावर आयुष्य कसं बेतायचं?

हा प्रश्न आमच्या घरात खराच आहे. भाची खो-खो खेळते आणि चांगली खेळते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले, मुलींची कप्तान प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राची. तेव्हापासून पोरीच्या पायात वारं शिरलंय. नाशिकला राहून सराव करायचा म्हणते. ताईला ती नर्सिंगला जायला हवी आहे. ताईचा प्रश्न एकच: "खेळून पोट भरतं का?"

मी त्या दिवशी ताईला धनराजची गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं ती भारावेल. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे एवढा मोठा झाला तरी पोट नोकरीनेच भरलं ना?" मला उत्तर सुचलं नाही. ताईचं चुकत नव्हतं.

नंतर नाशिकला परतताना गाडीत सुचलं, ते इथे लिहितो. ताई, तू हे वाचशीलच. पोरगी नर्सिंगला जाऊ दे आणि खेळूही दे. नाशिकला माझ्याकडे राहील, सराव सकाळी, कॉलेज दुपारी. तीन वर्षं बघू. फक्त एक अट मी तिला घातली आहे. किती सामने, किती गडी बाद केले, प्रवासाचे किती मिळाले, किती मिळायचे राहिले, हे तिने रोज स्वतः लिहायचं. दुसऱ्याच्या डायरीवर विसंबायचं नाही.

ती म्हणाली, "मामा, मोबाइलमध्ये लिहिते की."

लिही बाई, कशातही लिही. तुझ्या आजीकडे तर कोळसाच होता.