लिंड्से, टेड
(२९ जुलै १९२५–४ मार्च २०१९). कॅनडाचा विख्यात व्यावसायिक आइस हॉकीपटू आणि खेळाडूंच्या हक्कांचा पुरस्कर्ता. संपूर्ण नाव रॉबर्ट ब्लेक थिओडोर लिंड्से. जन्म आँटॅरिओ प्रांतातील रेन्फ्रू येथे. वडील बर्ट हेही व्यावसायिक गोलरक्षक होते. टेडचे बालपण सोन्याच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या कर्कलंड लेक या गावी गेले. १९४४ मध्ये ऑशावा जनरल्स संघातून त्याने कनिष्ठ गटाचा मेमोरियल चषक जिंकला आणि त्याच वर्षी अमेरिकेतील डिट्रॉइट रेड विंग्ज या संघात त्याचा प्रवेश झाला.

लिंड्से डाव्या बगलेवरून खेळे. शरीरयष्टी लहान असूनही त्याचा खेळ अत्यंत आक्रमक होता. त्यामुळे ‘टेरिबल टेड’ हे टोपणनाव त्याला मिळाले. सिड एबल, गॉर्डी हो व लिंड्से या आघाडीच्या त्रयीस, मोटारींच्या कारखान्यांचे शहर म्हणून असलेल्या डिट्रॉइटच्या ख्यातीवरून, ‘प्रॉडक्शन लाइन’ म्हणत. प्रत्येक गोलास आणि गोलसाहाय्यास एकेक गुण देण्याच्या पद्धतीनुसार १९४९-५० च्या हंगामात हे तिघे गुणतक्त्यात पहिल्या तीन स्थानांवर होते. त्यांत ७८ गुण मिळवून लिंड्से अग्रस्थानी राहिला. डिट्रॉइटने १९५०, १९५२, १९५४ व १९५५ या वर्षी स्टॅन्ली चषक जिंकला. १९५२ ते १९५६ या काळात लिंड्से संघाचा कर्णधार होता.

त्या काळी नॅशनल हॉकी लीगमध्ये अवघे सहा संघ होते. करारातील अटींमुळे खेळाडू एकाच मालकाशी बांधला जाई. मालकाच्या संमतीविना त्याला दुसऱ्या संघाकडे जाता येत नसे. मालकाला मात्र त्याची अदलाबदल हवी तेव्हा करता येई. १९४७ मध्ये सुरू झालेल्या निवृत्तिवेतन निधीत खेळाडू दरवर्षी ९०० डॉलर भरत. परंतु निधीचे हिशेब त्यांना पाहावयास मिळत नसत. या प्रश्नावर लिंड्सेने माँट्रिऑलच्या डग हार्व्हीसारख्या प्रतिस्पर्धी संघांतील खेळाडूंना एकत्र आणले. मैदानावर परस्परांचे हाडवैरी असलेल्या या खेळाडूंना एकत्र बसविणे सोपे नव्हते. फेब्रुवारी १९५७ मध्ये खेळाडूंची संघटना जाहीर झाली व लिंड्से तिचा अध्यक्ष झाला.

मालकांनी या संघटनेस कडाडून विरोध केला. १९५६-५७ च्या हंगामात लिंड्सेने ३० गोल व ५५ गोलसाहाय्ये अशी कारकीर्दीतील सर्वोच्च कामगिरी केली होती. तरीही जुलै १९५७ मध्ये गोलरक्षक ग्लेन हॉलसह त्याची रवानगी शिकागो ब्लॅक हॉक्स या तळाच्या संघाकडे करण्यात आली. खेळातील घसरण हे या बदलीचे कारण असू शकत नव्हते. टोराँटोच्या जिमी टॉमसन या संघटनेच्या कार्यकर्त्यासही शिकागोला पाठविण्यात आले. नोव्हेंबरमध्ये खुद्द डिट्रॉइटच्याच खेळाडूंनी संघटनेतून अंग काढून घेतले. फेब्रुवारी १९५८ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. तीनुसार किमान ७,००० डॉलर वार्षिक वेतन आणि निवृत्तिवेतनात वाढ या गोष्टी खेळाडूंच्या पदरी पडल्या. संघटना मात्र विसर्जित झाली. पुढे १९६७ मध्ये दुसरी संघटना स्थापन झाली आणि तिला मालकांची मान्यता मिळाली.

लिंड्से १९६० मध्ये निवृत्त झाला. परंतु १९६४-६५ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, तो डिट्रॉइटकडून आणखी एक हंगाम खेळला. एकूण १,०६८ साखळी सामन्यांत त्याने ३७९ गोल व ४७२ गोलसाहाय्ये नोंदविली. आठ वेळा त्याची निवड लीगच्या पहिल्या सर्वोत्कृष्ट संघात झाली. १९६६ मध्ये ‘हॉकी हॉल ऑफ फेम’मध्ये त्याचा समावेश झाला, तथापि समारंभास केवळ पुरुषांनाच प्रवेश असल्याने, पत्नी व मुलांविना उपस्थित राहण्यास त्याने नकार दिला. पुढील काळात ही प्रथा बदलली. १९७७ मध्ये डिट्रॉइट संघाचा महाव्यवस्थापक म्हणून तो परतला आणि १९९१ मध्ये त्याचा ७ हा क्रमांक संघाने सन्मानपूर्वक राखून ठेवला.

खेळाडूंनी आपल्यातून निवडलेल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूस दिल्या जाणाऱ्या पुरस्कारास २०१० मध्ये लिंड्सेचे नाव देण्यात आले. ज्या सहकाऱ्यांच्या हितासाठी त्याने स्वतःचे स्थान गमावले, त्यांच्याच वारसदारांच्या मतांनी हा पुरस्कार ठरतो. मिशिगन राज्यात त्याचे निधन झाले.