घरबसल्या मतदान

मत गुप्त असावें, ही गोष्ट आज स्वयंसिद्ध वाटते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडांत व अनेक ब्रिटिश वसाहतींत मतदार चारचौघांदेखत आपल्या उमेदवाराचें नांव सांगत असे. जमीनदार तें ऐकत असे, सावकारही ऐकत असे. आणि कुळानें कोणाचें नांव घेतलें, हें दोघेही विसरत नसत. या दडपणावर ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया व साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनीं १८५६ सालीं उपाय योजिला. सरकारनें छापलेली मतपत्रिका आणि ती एकांतांत भरण्यासाठीं आडोसा, एवढेंच त्याचें स्वरूप. त्या आडोशांत मात्र धनी आणि चाकर हा भेद उरला नाहीं. इंग्लंडनें ही पद्धति १८७२ सालीं स्वीकारली.

परंतु ज्याला त्या आडोशापर्यंत पोंचतांच येत नाहीं, त्यानें काय करावें? हा प्रश्नही ऑस्ट्रेलियांतच ऐरणीवर आला. संयुक्त ऑस्ट्रेलियानें १९०२ सालीं, आदिवासींना बहुतांशीं वगळून, स्त्रियांना मताधिकार दिला. त्याच सालीं टपालानें मत पाठविण्याची सवलतही दिली. दूरच्या कुरणावरील मेंढपाळ, अंथरुणाला खिळलेला वृद्ध, प्रसूतीच्या दिवसांतील स्त्री यांना ही सवलत म्हणजे प्रत्यक्ष मताधिकारच होता.

मजूर पक्षाला तींत निराळाच धोका दिसला. मत साक्षीदारासमोर नोंदवावयाचें खरें. पण मोलकरीण ज्या घरांत राबते, त्याच घरांत ती मत देणार असेल, तर मालकिणीची नजर कोणी अडवावी? या पक्षाच्या सरकारनें १९११ सालीं टपाली मतदान बंद केलें. लगेच आजाऱ्यांच्या व बाळंतिणींच्या वतीनें तक्रार उठली, कीं चोराच्या भयानें घरधन्यालाच बाहेर ठेवलें! पुढील सरकारनें सवलत परत आणण्याचें विधेयक मांडलें. मजूर पक्षाचें बहुमत असलेल्या सेनेटनें तें फेटाळलें. अखेर १९१८ च्या कायद्यानें ती पुन्हा मिळाली.

मजूर पक्षाची भीति निराधार नव्हती. ब्रिटननें २००० सालच्या कायद्यानें कारण न विचारतां टपाली मत देऊं केलें. २००४ च्या बर्मिंगहॅम नगरपालिकेच्या निवडणुकींत टपाली मतांचे मोठे गैरप्रकार झाले. ते सिद्ध होऊन, २००५ सालीं निवडणूक न्यायालयानें दोन प्रभागांतील सहा सभासदांची निवड रद्द ठरविली. तरीही चोरलेली मतपत्रिका सहीवरून कधीं तरी पकडली जाते. जेवणाच्या पाटावरून घातलेला वडिलधाऱ्यांचा शब्द मात्र कोणत्याच कागदावर उमटत नाहीं. घरबसल्या मतदानाचा खरा दोष हाच होय.

भारतानें २०२४ च्या लोकसभा निवडणुकींत याच पेंचांतून एक वाट काढली. पंचाऐंशी वर्षांवरील वृद्ध आणि चाळीस टक्क्यांहून कमी नाहीं इतकें अपंगत्व असलेले मतदार यांनीं अर्ज केल्यास मतदान अधिकारीच त्यांच्या दारीं मतपत्रिका घेऊन गेले. सर्व कार्यवाहीचें चित्रण व्हावें, पण मत कोणाला दिलें तें दिसूं नये, असा नियम होता. येथें मत केंद्राबाहेर गेलें नाहीं. केंद्रच घरीं आलें. ही रीत खर्चाची व श्रमाची आहे, म्हणून ती थोड्यांपुरतीच राहते. परंतु वृद्धेच्या खाटेशेजारीं धरलेला तो आडोसा १८५६ सालच्याच आडोशाचा वंशज आहे. आणि तो धरला असतां घरच्या माणसांनीं क्षणभर दूर सरावें, एवढें सौजन्य कायद्याला पुरवितां येत नाहीं.