चाणक्य होता, ‘अर्थशास्त्र’ नव्हते

१. हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) म्हटले की ‘उषःकाल’ आठवते, ‘गड आला पण सिंह गेला’ आठवते. शिवकालात रमणारा हाच कादंबरीकार विसाव्या शतकाच्या आरंभी ‘चंद्रगुप्त’ लिहिताना थेट इ. स. पूर्व चौथ्या शतकातील पाटलिपुत्रात पोहोचला.

२. नंद गेले, मौर्य आले, हा शेवट वाचकाला आधीच ठाऊक. म्हणून येथे रहस्य ‘काय घडले’ यात नाही, ‘कसे घडवून आणले’ यात आहे. १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिक चालवणाऱ्या हरिभाऊंना वाचकाची उत्कंठा पुढच्या अंकापर्यंत टिकवणे चांगलेच अवगत होते.

३. या कथेचे मोठे साधन म्हणजे विशाखदत्ताचे ‘मुद्राराक्षस’. शत्रूच्या हाती लागलेली अंगठी, बनावट पत्र, वेष पालटलेले हेर! मात्र हे नाटक चंद्रगुप्तानंतर कित्येक शतकांनी लिहिले गेले.

४. आणि कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’? त्याचे हस्तलिखित म्हैसूरच्या आर. शामशास्त्री यांच्या हाती १९०५ च्या सुमारास आले. संहिता छापली गेली ती १९०९ मध्ये. तोवर ‘चंद्रगुप्त’ वाचकांसमोर आलेली होती.

५. म्हणजे कर, खाणी, जंगले, वजनेमापे यांचा बारकाईने विचार करणारा ग्रंथकार मराठी वाचकाला भेटण्यापूर्वीच कटकारस्थानी चाणक्य त्याच्या मनात घर करून बसला होता.

६. मोकळ्या शेंडीची प्रतिज्ञा आजही इतिहास म्हणून सांगितली जाते. तिचा उल्लेख नाटकात आहे. मौर्यकालीन पुरावा तिला नाही. कादंबरी मनसोक्त वाचावी. मात्र चाणक्याची कोणतीही गोष्ट ऐकली की एक प्रश्न जरूर विचारावा: हे साधन कोणत्या शतकातले?