अंगणात आलेली शाळा

आमच्या धसई परिसरात पहिलीत आलेल्या मुलाचं घर मास्तरला चार दिवसांत कळतं. ज्याच्या घरी आजी पोथी वाचते, भिंतीवर कॅलेंडर असतं, ते मूल ‘हुशार’ ठरतं. जे धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन वाढलं, ते ‘मठ्ठ’. या दुसऱ्याला खेकड्याचं बीळ ओळखता येतं, चूल पेटवता येते, पण त्याची परीक्षा कोण घेतो? नोकरदार घरात गोष्टी सांगायला वेळ असतो. मजुरीवर जाणाऱ्या आईला तो कुठून असणार? माया कमी नसते हो, दिवस कमी पडतो.

हे नीट ओळखलं ते ताराबाई मोडकांनी. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत, कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी बालगृह काढलं. आपल्याकडे मात्र ती पद्धत शहरात, महागड्या साधनांसकट रुजली आणि पैसेवाल्यांची झाली. (गरिबांसाठी निघालेल्या गोष्टींचं असं बरेचदा होतं. असो.) भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. सोबतीला अनुताई वाघ. बोर्डी तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, २०१४ पासून पालघरमध्ये गेलं.

गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा ‘पालकांना कदर नाही’ म्हणून या दोघी गप्प बसल्या नाहीत. बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं. मुलांना आधी आंघोळ, मग गाणी. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे आदिवासी मुलं भावंडं सांभाळत, म्हणून शाळेला जोडून पाळणाघर आलं. गुरं राखत, म्हणून शिक्षकच कुरणात गेला. ती कुरणशाळा. मूल जे काम करतं त्याला अडथळा न मानता शाळा त्याभोवती बसवायची, हे मला अंगणवाडीइतकंच मोठं वाटतं.

१९७५ साली २ ऑक्टोबरला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. कुरणशाळेच्या वाट्याला तसं काही आलं नाही. शहापूर-मुरबाडच्या कातकरी पाड्यांवर दिवाळीनंतर कितीतरी घरं बंद होतात. माणसं वीटभट्टीवर जातात, पोरंही बरोबर. अंगणवाडी पाड्यावरच राहते.