दोन पिंगळे

पहांटेच्या अंधारांत कंदील घेऊन दारीं येणारा, भविष्य सांगणारा पिंगळा आपल्यांतील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. ज्या पांखराचें नांव त्याला मिळालें, तें लहानसें घुबड आजहि गांवोगांव झाडांच्या ढोलींतून डोकावतें. शहाद्याच्या शाळेंत मी मुलांना हा एकच पिंगळा शिकवीत असें. दुसरा आमच्याच डोंगरांत आहे, हें मला ठाऊक नव्हतें.

तो दुसरा म्हणजे रानपिंगळा. गांवच्या पिंगळ्याचें डोकें पांढऱ्या ठिपक्यांनीं भरलेलें, तर याचें जवळजवळ कोरें. नख्या भक्कम, आणि शिकार बहुधा भर दिवसां. १८७२ सालीं ब्लेविट यांना तो छत्तीसगडांत मिळाला. पुढच्या वर्षीं ह्यूम यांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. काँग्रेसच्या स्थापनेंत पुढाकार घेणारे ते हेच ह्यूम! खानदेशांत जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्यानें त्याचे कांहीं नमुने जमविले. १८८४ नंतर मात्र तो दिसेनासा झाला.

पुढें कर्नल माइनर्ट्झहागेन या नांवाजलेल्या संग्राहकानें, १९१४ सालीं आपण गुजरातेंत मांडवीस रानपिंगळा मिळविल्याचा दावा केला. एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द कोण खोटा मानणार? पण पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषींनीं तो नमुना तपासला, तेव्हां तो ब्रिटिश संग्रहालयांतून चोरलेला डेव्हिडसनचाच पक्षी निघाला. चिठ्ठी तेवढी बदललेली! मग मांडवीचा नाद सोडून त्यांनीं जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरील ठिकाणें धुंडाळलीं. २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं सकाळीं शहाद्याजवळ त्यांचे सहकारी बेन किंग यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनीं! तेव्हां नंदुरबार जिल्हाहि झाला नव्हता. तो झाला १ जुलै १९९८ रोजीं.

पाड्यांवरील भिल्ल-पावरा मंडळींच्या नजरेस तो मधल्या काळांत पडला नसेल, असें मला वाटत नाहीं. आम्हां मास्तरांनीं त्यांना कधीं विचारलेंच नाहीं.

पुढें तो मेळघाटांत, आणि २०१४ सालीं तानसा अभयारण्यांतहि आढळला. आंतरराष्ट्रीय लाल यादींत २०१८ सालीं त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गांतून ‘संकटग्रस्त’ वर्गांत आणलें. तरी प्रौढ पक्षी हजाराच्या आंतच मानतात. गांवच्या पिंगळ्याची त्याच यादीला मुळींच चिंता नाहीं. त्याला पडक्या भिंतींतील भोंकहि पुरतें. रानपिंगळ्याला जुन्या ढोल्यांचें सागाचें रान लागतें, आणि तेंच कुऱ्हाडीखालीं नि नांगराखालीं जात आहे.

गेल्या हिवाळ्यांत तोरणमाळच्या वाटेवर मी दोन सकाळीं झाडें न्याहाळीत बसलों. दिसला तो ठिपक्यांचाच.