दिवाणखान्यातला खेळ पायांवर कसा आला: टेबल टेनिस, बूट आणि आपले घोटे

"पळालो नाही, पडलो नाही, नुसतं टेबल टेनिस खेळत होतो, आणि मागून कोणीतरी पोटरीत दगड मारल्यासारखं झालं." चाळिशी-पन्नाशीतल्या पेशंटकडून हे वाक्य थोड्याफार फरकाने ऐकायला मिळतं. मागे वळून पाहिलं तर तिथे कोणीच नसतं. पोटरीचा आतल्या बाजूचा स्नायू जिथे खाली स्नायूबंधाला मिळतो, तिथे त्याचे काही तंतू फाटलेले असतात. या दुखापतीला आम्ही डॉक्टर 'टेनिस लेग' म्हणतो. नाव मोठ्या टेनिसवरून पडलं, पण पाय झटक्यात रेटावा लागेल अशा कुठल्याही खेळात ती होऊ शकते.

मला त्या वाक्यातला 'नुसतं' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. टेबल टेनिस म्हणजे एका जागी उभं राहून हात हलवायचा खेळ, ही समजूत त्यात दडलेली आहे. ती अगदीच निराधार नाही. एके काळी हा खेळ खरोखर तसाच होता. नंतर खेळ बदलला, पण आपल्या मनातलं त्याचं चित्र जुनंच राहिलं, आणि ते चित्र मनात धरून आपण पायांत काहीतरी अडकवतो आणि टेबलापाशी जाऊन उभे राहतो. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या खात्यापित्या घरांत जेवणानंतरची करमणूक म्हणून हा खेळ सुरू झाला. जेवणाचं टेबल, मधोमध छोटीशी जाळी, आणि रबराचा किंवा बुचाचा चेंडू. 1900 च्या सुमाराला सेल्युलॉइडचा पोकळ, हलका चेंडू आला आणि त्याच्या टकटकाटावरून 'पिंग पाँग' हे नाव गाजलं. त्या काळची चित्रं पाहिलीत तर पुरुष जेवणाच्या कोटात आणि चकचकीत चामडी बुटांत दिसतील, बायका जमिनीला टेकणाऱ्या झग्यांत. अशा पोशाखात कोण धावणार? चेंडू जवळ आला तर मारायचा, लांब गेला तर हसायचं. पायांना काम नव्हतं, त्यामुळे बुटांचा विचार करण्याचंही कारण नव्हतं.

1926 मध्ये आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघ स्थापन झाला आणि त्याच वर्षी लंडनमध्ये पहिली जागतिक स्पर्धा भरली. खेळ स्पर्धेचा झाला. तरी खेळाडू लांब पँट घालूनच उतरत. पायांत कॅनव्हासचे, सपाट रबरी तळाचे बूट, म्हणजे लॉन टेनिसला वापरायचे तसलेच. (1929 चा जगज्जेता फ्रेड पेरी पुढे विम्बल्डन सलग तीनदा जिंकला, यावरून हे दोन खेळ तेव्हा किती शेजारी होते ते कळतं.) बॅट लाकडी, तिच्यावर बारीक दाण्यांचं रबर. अशा बॅटने चेंडूला फारशी फिरकी देता येत नसे आणि वेगही बेताचा असे. मारणाऱ्यापेक्षा परतवत राहणाऱ्याची सरशी व्हायची.

त्याची परिसीमा 1936 मध्ये प्राग इथे झाली. पोलंडचा अलोइझी एर्लिख आणि रुमानियाचा पानेथ फार्कस यांच्या सामन्यातला पहिला गुण मिळायला दोन तासांहून जास्त वेळ लागला. एक गुण! चेंडूबरोबर मान डावी-उजवीकडे फिरवून पंचांचीच मान आखडली आणि त्यांना बदलावं लागलं, असंही सांगितलं जातं. डॉक्टर म्हणून मला यात गंमत वाटते ती अशी, की त्या काळच्या खेळाचा ताण कुठे पडत होता ते या एका किश्श्यात दिसतं. मान, खांदा, चिकाटी आणि कंटाळा. घोट्याला आणि पोटरीला झटका बसण्याचे प्रसंग त्या मानाने कमी. यानंतर नियमकर्ते जागे झाले. जाळी पावणेसात इंचांवरून सहा इंचांवर आली आणि खेळायच्या वेळेला मर्यादा घातली गेली, म्हणजे मारणाऱ्याला थोडी संधी मिळावी.

पण खरा बदल घडला तो आपल्या मुंबईत. 1952 ची जागतिक स्पर्धा मुंबईला भरली. आशियातली ही पहिलीच. जपानचा हिरोजी सातो हा चष्मेवाला, सडपातळ खेळाडू तिथे जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. चेंडू त्या स्पंजमध्ये क्षणभर रुतायचा आणि गोफणीतून सुटावा तसा परत यायचा, तोही जवळजवळ आवाज न करता. आवाजावरून फटक्याचा अंदाज घेणारे कसलेले युरोपीय खेळाडू गोंधळून गेले. अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोचियानला हरवून सातो जगज्जेता झाला. सातो स्वतः फार धावणारा खेळाडू नव्हता. पण त्याच्या बॅटने चेंडूला जो वेग दिला, त्याची किंमत पुढे सगळ्यांच्या पायांनी मोजली.

दोनच वर्षांनी, 1954 मध्ये, जपानचाच इचिरो ओगिमुरा जगज्जेता झाला. हा मात्र धावणारा होता. जपानी खेळाडू बॅट पेन धरल्यासारखी धरत आणि तिची एकच बाजू वापरत. या पकडीत उजव्या बाजूचा फटका जबरदस्त बसतो, पण डावीकडे आलेला चेंडू हाताने नीट मारता येत नाही. मग उपाय एकच. हात पोचत नाही तर सगळं शरीर उचलून डावीकडे न्यायचं आणि तिथूनही उजव्या बाजूचाच फटका मारायचा. ओगिमुरा यासाठी पायांची तयारी धावपटूसारखी करायचा. टेबलापासून दूर, बॅट हातात न घेता केलेला पायांचा व्यायाम हा सरावाचा भाग आहे, ही गोष्ट त्या पिढीने जगाला पटवली. 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये कोरियाच्या यू सुंग-मिनने चीनच्या वांग हाओला अंतिम सामन्यात हरवलं, ते याच पद्धतीने, पायांच्या जोरावर. तो सामना जमलं तर जरूर बघा, आणि चेंडूऐवजी फक्त यूच्या बुटांकडे बघा.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही काही ऑलिम्पिकला जात नाही. खरं आहे. पण तुमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये जी बॅट आहे ती साधारण त्या स्पंजच्या घराण्यातलीच आहे. टेबलाची लांबी 2.74 मीटर. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर, हा या खेळात काही मोठा वेग नव्हे, पण तेवढ्यानेही चेंडू हे अंतर पाव सेकंदाच्या आसपास पार करतो. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला शरीराने प्रतिसाद द्यायला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. म्हणजे पायांसाठी उरतो तो निव्वळ निसटता क्षण. म्हणूनच चांगला खेळाडू गुडघे किंचित वाकवून, टाचा हलक्या ठेवून, समोरचा मारतो त्याच वेळी एक छोटी उडी घेतो. ही उडी म्हणजे ताणलेली स्प्रिंग. पोटरी आणि मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात, आणि स्नायूला सगळ्यांत जास्त इजा होण्याचा क्षणही नेमका हाच असतो. आठवडाभर खुर्चीत बसून कडक झालेली पोटरी रविवारी सकाळी कुठल्याही तयारीविना या कामाला जुंपली, की ती तक्रार करणारच.

आता बुटांकडे येऊ. जपानमध्ये किहाचिरो ओनित्सुका यांनी 1949 मध्ये कोबे इथे बुटांची कंपनी काढली. तिचंच पुढे 'असिक्स' झालं. बास्केटबॉलपटूंना चटकन थांबता यावं म्हणून काय करावं या विचारात असताना त्यांना वाटीतल्या आठपायाच्या, म्हणजे ऑक्टोपसच्या, शोषून धरणाऱ्या चकत्या दिसल्या आणि त्यावरून त्यांनी बुटाचा तळ घडवला, ही गोष्ट जपानमध्ये प्रसिद्ध आहे. घराच्या आत खेळायच्या बुटामागचा विचार त्यातून नेमका कळतो: पळणं दुय्यम, थांबणं आणि दिशा बदलणं मुख्य. टेबल टेनिसचा बूट म्हणूनच बुटका, हलका, पातळ तळाचा असतो. चवडा सहज वाकतो आणि खाली मऊसर, पकड घेणारं रबर असतं.

धावायचा बूट वेगळ्या कामासाठी घडला. 1970 च्या दशकात अमेरिकेत जॉगिंगची लाट आली आणि टाचेखाली जाड, मऊ फोम असलेले बूट घराघरांत पोचले. सरळ रेषेत, टाच आधी टेकवत पळणाऱ्यासाठी ते उत्तम. पण तेच घालून तुम्ही बाजूला झेप घेता तेव्हा काय होतं? फोम एका कडेला दबतो, पाय जमिनीपासून उंचावर असतो, आणि पाऊल आतल्या बाजूला वळतं. उंच स्टुलावर उभं राहिलं की तोल लवकर जातो, तसंच हे. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलं जातं. आपण 'पाय मुरगळला' म्हणतो ते बहुतेक वेळा हेच. महागडे रनिंग शूज आहेत म्हणून निश्चिंत असलेल्यांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो, पण इलाज नाही.

जमिनीचंही असंच. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांनुसार खेळायची जमीन वीट, सिरॅमिक, काँक्रीट किंवा दगडाची चालत नाही. ती निसरडीही असता कामा नये. लाकूड किंवा त्यावर अंथरायची कृत्रिम चटई, जी तुम्ही टीव्हीवर लाल रंगाची पाहता. (अपवाद व्हीलचेअरवरच्या खेळाडूंच्या स्पर्धांचा, तिथे काँक्रीट चालतं, कारण चाकांना ते सोयीचं.) आता आपल्याकडची टेबलं आठवा. शहाबादी फरशी, मोझेक, चकचकीत टाइल्स, नाहीतर पार्किंगमधला कोबा. नियमात जे जे नको म्हटलंय ते सगळं. या जमिनी दणका शोषत नाहीत, आणि घामाचे चार थेंब पडले की घसरतात.

मग जास्तीत जास्त पकडीचा बूट घ्यावा का? इथे थोडं थांबा. पाऊल जमिनीला घट्ट चिकटलं आणि वरचं शरीर फटक्याबरोबर वळलं, तर ती पीळ गुडघ्याला बसते. ज्यांच्या गुडघ्याची गादी आधीच झिजली आहे त्यांना हे महागात पडू शकतं. त्यामुळे मध्यम पकड, आणि वळताना चवड्यावर हलकं होऊन पाऊलही वळवायची सवय हवी. जुना बूट असेल तर तळाचं रबर नखाने दाबून पाहा. दगडासारखं लागलं तर शिवण कितीही शाबूत असो, त्याचं काम संपलंय. धूळ बसल्यानेही पकड जाते. खेळाडू मधूनमधून ओल्या फडक्यावर बूट पुसतात, ते तुम्हीही करा. टेबल टेनिसचेच बूट मिळाले नाहीत तर बॅडमिंटनचे चालतील. स्लिपर आणि सँडल नकोत. अनवाणी तर मुळीच नको, विशेषतः मधुमेह असेल तर. पायाची संवेदना कमी झालेली असली की फोड आलेलाही कळत नाही. अशांनी खेळून आल्यावर मोजे काढून बोटांच्या बेचक्यांसकट तळवे रोज पाहावेत.

आणखी एक सांगायला हवं. फक्त बूट बदलून घोटा वाचत नाही. पूर्वी एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त असते, कारण तोल सांभाळणारी तिथली जाणीव मंद झालेली असते. ती परत आणता येते. दात घासताना एका पायावर उभे राहा, आधी डोळे उघडे ठेवून. पुढे जमलं तर भिंतीला हात लावून डोळे मिटून. पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच सावकाश खाली सोडायची आणि वर उचलायची, यानेही पोटरी तयार होते. खेळण्याआधी दहा मिनिटं जागच्या जागी चाल, मग दोन्ही बाजूंना पावलं टाकत सरकणं, आणि मग टेबल. पहिल्या दहा मिनिटांत गुण मोजू नका. गुण मोजायला लागलं की माणूस पन्नाशीचा राहत नाही, विशीचा होतो.

एवढं करूनही पाय मुरगळलाच तर? दुखापतीनंतर लगेच आणि डॉक्टरांकडे पोचल्यावरही, अशा दोन्ही वेळी चार पावलं वजन टाकून चालता येत नसेल, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या मागच्या कडेला वा टोकाला, अथवा पावलाच्या मधल्या भागातल्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढायला हवा. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये मांडलेला हा नियम आम्ही आजही वापरतो. टाचेच्या वर 'फट्' असा आवाज आला आणि त्या पायाच्या चवड्यावर उभंच राहता येत नसेल, तर टाचेचा मुख्य स्नायूबंध तुटलेला असू शकतो. त्याच दिवशी दाखवा, मालिश करू नका. पोटरी दुखापतीविनाच सुजून दुखायला लागली तर रक्ताची गुठळी नाही ना, हे तपासावं लागतं. आणि खेळताना छातीत दडपण आलं किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर खेळ तिथेच थांबवून लगेच हॉस्पिटल गाठा. तेव्हा घोटा, बूट, सगळं नंतर.

परत कधी खेळायचं, हा प्रश्न सगळेच विचारतात. सूज उतरली हे पुरेसं नाही. दुखऱ्या पायावर अर्धा मिनिट उभं राहता आलं, त्याच पायावर दहा उड्या न दुखता मारता आल्या, आणि टेबलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बॅट न घेता सरकता आलं, की मग बॅट हातात घ्या.